पुंगळ्या कुणी कापल्या

माझा धंदा सांगितला की माणसं आवाज खाली करतात. एसटीत शेजारी बसलेला सहज विचारतो, "काय करता पाव्हणं?" मी म्हणतो, "बंदुका दुरुस्त करायचो." तो आधी माझ्या मांडीवरच्या पिशवीकडं बघतो, मग खिडकीबाहेर. पुढं कराड येईपर्यंत बोलणं बंद. पिशवीत बहुतेक वेळा मेथी असते.

फौजेत मी आर्मरर होतो, म्हणजे हत्यारांचा मिस्त्री. लढाई इतरांनी केली, मी त्यांच्या रायफली चालत्या ठेवल्या. निवृत्त झाल्यावर रीतसर परवाना काढून कराडात मंडईच्या मागं दुकान टाकलं. आमच्या वस्तीतला पोरगा बंदुकांचं दुकान टाकतो म्हटल्यावर गावातल्या काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. पुढं त्याच घरांतल्या बंदुका माझ्या टेबलावर आल्या, आणि कपाळं आपोआप सरळ झाली.

गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचं. एक मामा भाच्याच्या लग्नाआधी आले नि म्हणाले, "मिस्त्री, आवाज जरा मोठा येईल असं काय तरी करा." मी म्हटलं, "मामा, फटाक्यांचं दुकान पलीकडच्या गल्लीत आहे." जत तालुक्यातला एक मेंढपाळ आजोबांची एकनळी बंदूक घोंगड्यात गुंडाळून घेऊन आला. नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. ते काढून देतो म्हटलं, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. बंदुकीपेक्षा तिलाच गरज हाय." परवान्यासाठी हेलपाटे घालून तो दमला होता. बंदूक सरकारजमा करण्याआधी ती कुणा जाणत्याला एकदा दाखवावी, एवढ्यासाठी तो इतक्या लांब आला होता. दाखवली, डोळे पुसले आणि गेला. दिवसेंदिवस असलंच गिऱ्हाईक वाढत चाललं होतं. दुरुस्तीला कमी आणि निरोप घ्यायला जास्त.

पण आज सांगायचं आहे ते सुभेदारसाहेबांबद्दल. आणि ते सांगायचं तर आधी पुंगळी म्हणजे काय ते सांगावं लागेल.

काडतूस म्हणजे लोकांना नुसती गोळी वाटते. खरं तर पुढं शिशाची गोळी असते, मागं पितळेची नळकांडी, तिच्या पोटात दारू आणि बुडाला ठिणगी पाडणारी टोपी. ही पितळी नळकांडी म्हणजे पुंगळी. गोळी उडून जाते, पुंगळी मागं राहते. मोठ्या पल्ल्याची नेमबाजी करणारे खेळाडू ती फेकत नाहीत. ज्यांना सरकारची तशी परवानगी असते, असे मोजके लोक तीच पुंगळी साफ करून, नव्यानं भरून पुन्हा वापरतात. कारखान्यातून आलेलं काडतूस हजारोंतलं एक असतं. घरी भरलेलं काडतूस त्या एका रायफलीच्या मापाचं असतं.

मात्र पितळ हा जिवंत धातू. बार उडाला की आतल्या जाळानं नि दाबानं ते पुढं सरकतं आणि पुंगळीची मान किंचित लांब होते. डोळ्यांना दिसत नाही, नखाला कळत नाही. दरवेळी थोडी थोडी. म्हणून भरण्याआधी तिचं तोंड कापून सगळ्या पुंगळ्या एका लांबीला आणाव्या लागतात. पुंगळी लांब राहिली तर तिचं तोंड रायफलीच्या आत चेपतं, गोळीला घट्ट धरून ठेवतं आणि मागचा दाब भलताच वाढतो. काही आखूड, काही लांब झाल्या तर प्रत्येक गोळीची पकड वेगळी. मग एक गोळी वर जाते, एक खाली. नेमबाज बिचारा आपला श्वास तपासत बसतो.

कापायचं यंत्र हातानं फिरवायचं असतं. ते कुणीही फिरवील. अवघड आहे ते सारखेपण. दाब तोच, फेरे तेच. प्रत्येक पुंगळीनंतर पितळेचा कीस ब्रशनं झाडायचा, कारण बुडाखाली एक कण अडकला तरी माप चुकतं. कापल्यावर तोंडाची धार आतून-बाहेरून मारायची. कंटाळ्याचं काम आहे. कंटाळा आला की उठायचं, हा त्यातला पहिला नियम. तो मला सुभेदारसाहेबांनी शिकवला.

साहेब माझ्याच पलटणीतले, फौजेचे नेमबाज. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. कराडच्या अलीकडं कृष्णाकाठी त्यांचं गाव. चार भावांच्या वाटणीतला ऊस धाकट्यांच्या हवाली करून त्यांनी माडीवरच्या खोलीत एक टेबल मांडलं होतं. टेबलावर यंत्र, ब्रश, केसभर फरकही दाखवणारी मापपट्टी म्हणजे व्हर्नियर, आणि पांढरं फडकं. बस. खोलीत चपला नाहीत, विडी नाही, बोलणं नाही. त्यांच्या बायकोला, वहिनींना, चहा घेऊन आल्यावर दारातच थांबावं लागे. एकदा त्या मला म्हणाल्या, "आवं भाऊजी, देव्हाऱ्यात एवढं सोवळं पाळलं असतं तर देव घरी जेवायला आला असता."

हे सगळं चाले सुनंदासाठी. सुनंदा त्यांची एकुलती एक मुलगी. माधवनगरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. लहानपणी बापाच्या शेजारी पालथी पडून रायफल धरायला शिकली आणि पुढं तीनशे मीटरवर मारणाऱ्या थोड्या बायकांपैकी एक झाली. तिच्या रायफलीत बापानं भरलेल्या काडतुसाशिवाय दुसरं काडतूस कधी गेलं नाही. साहेब म्हणत, "बोट तिचं, डोळा तिचा. पण पितळ माझं."

पुंगळ्या कापून झाल्या की ते पत्र्याच्या डब्यात घालून माझ्या दुकानात आणत. डब्याच्या झाकणावर लाल रंगाचा ठिपका. मी माझ्या व्हर्नियरनं पाच-सहा मोजायच्या आणि "ठीक आहे साहेब" म्हणायचं. तपासण्यासारखं काही नसायचंच. पण एका माणसानं केलेलं काम दुसऱ्या माणसानं बघितल्याशिवाय पक्कं होत नाही, असं त्यांचं मत. मग ते घरी जाऊन भरायला घेत.

त्या वर्षी सुनंदाच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. चाळिशी उलटलेली. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा एवढा मोसम खेळा, मग रायफल खाली ठेवा. राज्याच्या संघाची निवड चाचणी साताऱ्याकडच्या रेंजवर होती. साहेबांच्या अंगात वारं शिरलं होतं. पण त्या मोसमात डबा काही माझ्या दुकानात आला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "दाखवला की गेल्या आठवड्यात." मी म्हटलं, "नाही साहेब." ते हसले आणि म्हणाले, "मिस्त्री, म्हातारं झालासा तुमी." मीही हसलो. माणूस थट्टा करतोय असंच वाटलं.

चाचणीच्या दिवशी हत्यारं तपासायला मी रेंजवर होतो. सुनंदा पालथी झोपली, पहिलं काडतूस घातलं. काडतूस आत ढकलणारा दांडा, म्हणजे बोल्ट, नेहमीसारखा सरकला नाही. तिनं मागं घेतला, काडतूस बाहेर काढून बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं. ते गेलं. गोळी मधोमध लागली. तिसरं गेलं, गोळी चांगली वर चढली. चौथ्याला बोल्ट पुन्हा अडला. दुसरा कुणी असता तर तळहातानं दाबून बोल्ट बसवला असता. निवड होती, शेवटचा मोसम होता. सुनंदा क्षणभर तशीच पडून राहिली. मग तिनं रायफल रिकामी केली आणि हात वर केला. म्हणजे मी थांबते.

मी तिथंच व्हर्नियर लावला. एक पुंगळी कापलेलीच नव्हती. दुसरी दोनदा कापलेली. एकीच्या तोंडाला धार तशीच. जणू टेबलावर पाच वेगळी माणसं बसली होती आणि त्यांतल्या कुणालाच काम येत नव्हतं.

सुनंदानं एक पुंगळी बोटांत धरली, तोंडावरून अंगठा फिरवला. तिला मोजायची गरज पडली नाही.

"काका, आबांना कधीपासून होतंय हे?" तिनं विचारलं.

"मला आत्ताच कळतंय, पोरी."

"आईनं सांगितलं होतं, दोनदा जेवायला मागतात म्हणून. मी म्हटलं, वय झालंय." ती उठली, कपडे झटकले. "त्यांना हे सांगायचं नाही. काय सांगायचं ते मी बघते."

ती घरी गेली आणि बापाला म्हणाली, "आबा, माझं बोट चुकलं. ट्रिगर ओढला गेला."

फौजी नेमबाजाला याहून मोठी शिवी नाही. ट्रिगर ओढायचा नसतो, दाबायचा असतो. हे तो पहिल्या दिवशी शिकतो. साहेबांनी तिला सोडलं नाही. दर रविवारी ती माधवनगरहून आई-बापाला भेटायला यायची आणि दर रविवारी ते तेच काढायचे. "येवढं शिकीवलं त्ये कुटं घातलंस? शेवटची संधी हुती. घाबरलीस व्हय? माझी पोरगी घाबरली?" इतर गोष्टी ते विसरायला लागले होते, ही मात्र घट्ट बसली होती. सुनंदा ताटावर मान खाली घालून ऐकायची. वहिनींना खरं ठाऊक होतं. त्या मधे पडायच्या, "आवं, जेवू द्या की तिला." तर ते म्हणायचे, "तू गप ऱ्हा. तुला त्यातलं काय कळतंय?"

मिरजेच्या मेंदूच्या डॉक्टरांनी साहेबांच्या आजाराचं नाव सांगितलं आणि हा मागं फिरणारा नाही, हेही सांगितलं. सुनंदानं त्याच आठवड्यात घरातली दारू, टोप्या, दोन्ही रायफली रीतसर जमा केल्या. वर्दीतल्या माणसासमोर कागदावर सगळ्या सह्या तिनंच केल्या. साहेबांना सांगितलं की परवान्याचं नूतनीकरण चाललंय. टेबल, यंत्र आणि रिकाम्या पुंगळ्या तेवढ्या ठेवल्या. ते कापत बसत. कापलेलीच पुन्हा कापत. शेवटी पुंगळीला मानच राहत नसे, नुसतं पितळेचं टोपण उरे. वहिनी संध्याकाळी फडक्यातला कीस परसात झाडायच्या.

चाचणीतल्या उरलेल्या काडतुसांचा निकाल मी लावला होता; दारू, गोळ्या वेगळ्या केल्या होत्या. पण रिकाम्या पुंगळ्या त्यांच्याच डब्यात माझ्या फळीवर राहिल्या. सुनंदा नेणार होती, तिला धीर झाला नव्हता आणि मीही आठवण केली नव्हती.

एका दुपारी साहेब एकटेच दुकानात आले. गावातून वडापच्या, भरेल तशी सुटणाऱ्या, जीपनं आले होते, भाडं देऊन, नीट पत्ता सांगून. त्या आजारात असे स्वच्छ दिवस येतात. दाढी केलेली, बूट चमकवलेले. स्टुलावर बसले, चहा घेतला, माझ्या सुनेची चौकशी केली. मग त्यांची नजर फळीवर गेली. लाल ठिपका.

"ह्यो माझा डबा."

मी काही बोलायच्या आत त्यांनी तो काढला, एक पुंगळी उचलली आणि टेबलावरचा माझा व्हर्नियर घेतला. पहिली मोजली. दुसरी मोजली. पाचव्या-सहाव्या पुंगळीनंतर ते मोजायचे थांबले आणि नुसता अंगठा फिरवत राहिले. सगळ्या हालचाली जुन्या, अचूक. त्या क्षणी माझ्यासमोर फौजेतला तोच माणूस बसला होता.

"मिस्त्री, ह्या सुनंदाच्या चाचणीतल्या?"

"हो साहेब."

"म्हंजी तिचं बोट चुकलं न्हवतं."

मी डब्याचं झाकण लावायला उचललं, त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"ह्या कुणी कापल्या?"

ते माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत एक भीती हळूहळू वर येत होती. ती मी ओळखली. आपल्याच हातांवर आलेला संशय होता तो. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्यांना उत्तर सापडलं असतं.

"मी कापल्या," मी म्हटलं.

"तुमी?"

"तुम्ही तपासायला आणल्या होत्या. मला वाटलं, आणखी जरा बारीक माप करावं. पुन्हा यंत्रावर फिरवल्या. बिघडल्या."

"मी आणल्या हुत्या?"

"आणल्या होत्या साहेब."

त्यांनी आठवून बघितलं. कपाळावर शीर उठली. आठवण्यासारखं काही नव्हतंच, पण आठवत नाही याची त्यांना आता सवय झाली होती. माझं खोटं किती सोपं गेलं, याचीच मला लाज वाटली. त्यांनी व्हर्नियर पुसून जागेवर ठेवला.

"दर इतवारी बोललो मी तिला," ते म्हणाले. "पोरगी खाली मान घालून जेवत हुती, आन् मी बोलत हुतो." मग ते रडले. स्टुलावर ताठ बसून, पाठ न वाकवता. "मिस्त्री, तुमाला लाज न्हाई वाटली? येवढे दिस गप बसलासा?"

मी म्हटलं, "चुकलं साहेब."

ते उठून गेले. चहाचा कप अर्धा तसाच.

त्या संध्याकाळी त्यांनी सुनंदाला फोन करून माफी मागितली. बापानं मुलीची माफी मागायची आमच्याकडं रीत नाही. सुनंदाचा लगेच मला फोन आला.

"काका, हे काय करून बसलात तुम्ही?"

"तुझी सुटका झाली ना रविवारची?"

"माझी झाली," ती म्हणाली. "तुमची कोण करणार?"

तिला जे आधी दिसलं ते मला नंतर दिसलं. साहेबांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून जात होती, पण ही गोष्ट आत जाऊन बसली. भेटेल त्याला ते सांगत. पारावर, दवाखान्यात, माजी सैनिकांच्या बैठकीत. "मंडईमागच्या मिस्त्रीनं माझ्या पोरीचं वाटोळं केलं. त्येच्याकडं हत्यार दिऊ नगा." साहेबांच्या शब्दाला अख्ख्या भागात वजन. त्यांना आजार झालाय हे कळलेल्यांनाही वाटे, एवढं ठासून सांगतात म्हणजे काहीतरी असणारच. रेंजवर हत्यारं तपासायला नेमबाजी क्लबनं पुढच्या वेळी दुसरा माणूस बोलावला. जुनी दोन-तीन गिऱ्हाइकं रस्त्यात भेटली की उसाचं, पावसाचं बोलायची, बंदुकीचं नाही. सुनंदा म्हणाली, मी सगळ्यांना खरं सांगते. मी नको म्हटलं. एकाला सांगितलं की ते फिरून साहेबांच्या कानावर जाणार आणि एखाद्या स्वच्छ दिवशी त्यांना कळणार.

माझी बायको चिडली. म्हणाली, "आयुष्यभर नाव राखलं, आणि दिलं काय असं उधळून?" तिला काय सांगणार? नाव परत मिळेल या आशेवर मीही काही महिने दुकान उघडत राहिलो. सकाळी शटर वर करायचं, यंत्रावरची धूळ पुसायची, पेपर वाचायचा. शेवटी परवान्याची मुदत संपली तेव्हा पुढं वाढवली नाही. धंदा तसाही मरणपंथालाच लागला होता, असं मी लोकांना सांगतो. ते खरं आहे. पण मेलेल्या धंद्याचा मिस्त्रीसुद्धा मरेपर्यंत चांगला मिस्त्री म्हणून जगू शकतो. तेवढं माझं राहून गेलं.

त्यानंतर दोन-तीन वर्षं मी त्यांच्या गावाकडं फिरकलो नाही. मग यंदा उन्हाळ्यात वहिनींचा फोन आला. "भाऊजी, एकदा येऊन जावा. आता कुणालाच वळकत न्हाईत. मला 'बाई' म्हणत्यात."

मी गेलो. साहेब सोप्यात खुर्चीवर होते. कपडे ढगळ झालेले, बुटांऐवजी पायांत मोजे. माडीवर जाणं केव्हाच बंद झालं होतं. सुनंदा आलेली होती, त्यांना चमच्यानं पेज भरवत होती. ते तिच्याकडं परक्या नर्सकडं बघावं तसे बघत होते आणि दर घासाला "मेहरबानी" म्हणत होते. आपल्या पोरीला. मी दारात उभा राहिलो. वहिनी म्हणाल्या, "बघा तरी कोन आलंय."

साहेबांनी मान वळवली. डोळे बारीक केले. आणि बघता बघता त्यांच्या चेहऱ्यात जीव आला, पाठ ताठ झाली, हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट बसले.

"मिस्त्री," ते म्हणाले. "तोंड दाखवायला आलासा व्हय?"

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. पण त्या हसत होत्या, रडत होत्या आणि मला म्हणत होत्या, "वळकलं! भाऊजी, तुमाला वळकलं त्येनी!"

साहेब बोलत राहिले. मोडकं, तुटकं, पण त्यांचं स्वतःचं. "माझी सुनंदा. लय भारी नेमबाज हुती. असा श्वास धरायची... तुमी वाटोळं केलं तिचं. कसल्या पुंगळ्या कापल्यासा? माझी सुनंदा." सुनंदाच्या हातातला चमचा तसाच राहिला. दोन वर्षांत बापाच्या तोंडून तिचं नाव आलं नव्हतं, हे तिनं मला नंतर सांगितलं.

निघताना वहिनी वेशीपर्यंत सोडायला आल्या. त्यांना मागायचं होतं, पण शब्द सापडत नव्हते. मीच म्हटलं, "येत जाईन."

आता रविवारी जातो. समोर स्टुलावर बसतो आणि शिव्या खातो. दर खेपेला त्या थोड्या कमी होतात. काही रविवार ते माझ्याकडंही नुसते बघत राहतात, आणि मी चोरासारखी आशा करतो, की आता मलाही विसरले. मग मधेच ओठ हलतात. सुनंदा पेजेची वाटी बाजूला ठेवते, माझ्या स्टुलाशेजारी जमिनीवर येऊन बसते आणि कान देते. "काका, जरा बोला ना त्यांच्याशी," ती हळूच म्हणते. मी पुढं वाकतो.

"चुकलं साहेब," मी म्हणतो. "तुमच्या सुनंदाचं नुकसान झालं माझ्यामुळं."

"कुणाचं?" ते विचारतात.

आणि मी नि सुनंदा, दोघंही थांबतो, ते नाव त्यांना सापडतंय का बघत.